नासिरखान फारुकीचा दिग्विजय

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत खानदेशाच्या मध्ययुगीन इतिहासावर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात नासिरखान फारुकी याला ‘दिग्विजयी सुलतान’ असे म्हटले आहे, आणि सोबतच्या नकाशात नंदुरबारपासून थेट वऱ्हाडापर्यंतचा मुलूख एकाच रंगात रंगवून त्याच्या नावावर टाकला आहे. पुढच्याच आठवड्यात आलेल्या एका वाचकपत्रात त्याच नासिरखानाची ‘डोल्यांत शिपाई घालून गड लाटणारा दगाबाज’ अशी एका ओळीत वासलात लावण्यात आली. दोन्ही मजकूर मी लक्षपूर्वक वाचले आणि दोहोंत एकच उणीव आढळली. दोघांच्याही डोळ्यांसमोर फक्त असीरगड, बऱ्हाणपूरजवळचा तो डोंगरी किल्ला, आहे; त्या गडाच्या आधीचा आणि नंतरचा माणूस कोणीच पाहिलेला नाही. नासिरखानाने १३९९ ते १४३७ अशी ३८ वर्षे राज्य केले. एवढ्या काळात ज्याला टिकाऊ म्हणता येईल असा मोठा विजय त्याला एकच मिळाला, तो असीरगडाचा, आणि तोही रणांगणावर मिळालेला नव्हे. मोकळ्या मैदानात बड्या शेजाऱ्यांशी गाठ पडली तेव्हा तो हरला, शरण गेला किंवा पळाला. असे असूनही त्याच्या घराण्याचे राज्य त्याच्यामागे १६४ वर्षे चालले. त्याला दिग्विजयी ठरवले की या गोष्टीचा उलगडा होत नाही आणि नुसता दगाबाज ठरवूनही होत नाही, म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र लिहीत आहे.

बापाची हकीकत आधी थोडक्यात सांगतो, कारण मुलाचे निम्मे राजकारण त्याने बापाकडूनच उचललेले दिसते. मलिक राजा हा दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाच्या पदरी होता. शिकारीच्या नादात फौजेपासून दूर गेलेल्या आणि भुकेने व्याकूळ झालेल्या बादशहाला त्याने जवळचे अन्न खाऊ घातले, त्याची ओळख ठेवून बादशहाने त्याला १३७० मध्ये थाळनेरची जहागीर दिली, असे फारसी इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पुढे त्याने बागलाणच्या राजाकडून खंडणी वसूल केली आणि खानदेशाची सिपहसालारी, म्हणजे सेनापतिपद, मिळवली. १३८२ मध्ये त्याने दिल्लीची ताबेदारी झुगारून दिली, आणि फारुकी राज्याचा आरंभ याच वर्षापासून धरतात. नव्या राज्याच्या उत्साहात त्याने गुजरातच्या हद्दीतील सुलतानपूर आणि नंदुरबारवर धाड घातली. पण गुजरातचा सुभेदार जफरखान उलटून आला आणि मलिक राजाला थाळनेरच्या किल्ल्यात कोंडून त्याने तह करायला लावला. दुसरीकडे माळव्याच्या दिलावरखान घोरीशी त्याने दुहेरी सोयरीक केली, म्हणजे त्याची मुलगी सून करून आणली आणि आपली मुलगी त्याच्या घरी दिली. गुजरातला डिवचायचे, अंगाशी आले की नमायचे आणि तिसऱ्या शेजाऱ्याशी लग्नसंबंध जोडून ठेवायचे, हा शिरस्ता या घराण्यात पहिल्याच पुरुषापासून पडला. १३९९ मध्ये मरताना त्याने लळिंग थोरल्या नासिरला आणि थाळनेर धाकट्या हसनला दिले. मुळात राज्य तळहाताएवढे, त्याचेही दोन तुकडे झाले.

धुळ्याहून मुंबईकडे जाताना महामार्गाच्या कडेला जो लळिंगचा डोंगर दिसतो, तो नासिरखानाच्या वाट्याचा. वाटेवर पहारा ठेवायला जागा उत्तम, पण राजधानी म्हणून ती तोकडी पडते. तापीकाठचा कसदार पट्टा आणि थाळनेरचा किल्ला भावाकडे गेलेला, दक्षिणेला आणि पश्चिमेला बागलाणचे बागूल राजे, आणि उत्तरेकडून दख्खनेत उतरणारी मुख्य वाट ज्या सातपुड्याच्या खिंडीतून येते, तिच्यावर बसलेला असीरगड आसा अहिराच्या ताब्यात. नकाशा पाहिला, तर नासिरखानाची नजर असीरवर का गेली हे वेगळे सांगावे लागत नाही. नर्मदेचे आणि तापीचे खोरे जोडणारी ही वाट ज्याच्या हाती, त्याला उत्तर-दक्षिणेचा व्यापार आणि फौजा या दोहोंकडून किंमत मिळत असे.

आसा अहीर हा काही मुकुटधारी राजा नव्हता. फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्याकडे ५,००० गायी, तितक्याच म्हशी, २०,००० मेंढ्या आणि १,००० घोड्या होत्या. हे आकडे शब्दशः घेण्याची गरज नाही. पण एवढी जनावरे सातपुड्याच्या कुरणांत चारणारा आणि राखणीसाठी मोठा जमाव बाळगणारा तो एक बलाढ्य पशुपालक धनी होता, एवढे त्यातून नक्की कळते. फिरिश्ता आणखीही एक गोष्ट सांगतो, ती आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. या भागात भीषण दुष्काळ पडला असता आसाच्या पत्नीने कोठारांतील धान्य भुकेल्यांसाठी खुले करविले आणि लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून गडाचा तट बांधायला काढला. दुष्काळी कामे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिली, त्या आपल्या भागातील वाचकांना हा तपशील विशेष वाटेल. मलिक राजाशी आसाने वैर धरले नव्हते. उलट त्याचे वर्चस्व मान्य करून तो स्नेहाने राहिला होता.

अशा माणसाकडे नासिरखानाने निरोप धाडला, की बागलाण, अंतुर आणि खेरला येथील राजे माझ्यावर उठले आहेत, लळिंग सुरक्षित उरलेला नाही, तेव्हा माझ्या बायकामुलांना तुझ्या गडावर आसरा दे. आसाने होकार दिला. पहिल्या दिवशी काही डोल्यांतून खरोखरच स्त्रिया गडावर गेल्या आणि आसाच्या घरच्या बायकांनी त्यांचे स्वागत केले. दुसऱ्या दिवशी आलेल्या २०० डोल्यांत मात्र हत्यारबंद शिपाई होते. आसा आणि त्याचे मुलगे पाहुण्यांना सामोरे आले, ते तिथेच मारले गेले, आणि गड नासिरखानाचा झाला. हे १४०० च्या सुमारास घडले.

या कथेकडे पाहताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. फिरिश्ता विजापूरच्या इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाला होता आणि त्याने हे सगळे घटनेनंतर दोनशे वर्षांनी लिहिले. १६०४ मध्ये विजापूरची राजकन्या अकबराचा मुलगा दानियाल याला दिली, तेव्हा तिच्या वऱ्हाडाबरोबर तो स्वतः बऱ्हाणपूरला आला होता. म्हणजे ही कथा त्याने तिथल्याच लोकांच्या तोंडून ऐकली असावी असे मानायला जागा आहे. ऐकीव कथेला दोनशे वर्षांत किती पदर सुटतात हे काय सांगावे. दुसरे असे, की डोल्यांत शिपाई लपवून गड घेण्याची ही गोष्ट एकट्या असीरगडाची नाही. शेरखान सूराने, म्हणजे पुढच्या शेरशाहाने, १५३८ मध्ये बिहारमधला रोहतासगड असाच घेतला असे सांगतात, आणि शेरशाहाचा चरित्रकार अब्बासखान सरवानी याने त्या डोल्यांच्या कथेला साफ खोटे म्हटले होते. अवघड गड बघता बघता हातचा गेला, की लोक त्याला डोल्या चिकटवतात, असे दिसते. म्हणून २०० डोल्या मोजून लिहिताना आपल्या लेखकाने थोडा हात आवरायला हवा होता.

पण याचा अर्थ नासिरखान निर्दोष सुटला असा मी लावत नाही. डोल्या खऱ्या असोत की नसोत, स्नेहाने वागणाऱ्या, मांडलिकी मान्य केलेल्या माणसाचा गड त्याच्या बेसावधपणाचा फायदा घेऊन घेतला गेला आणि तो मुलांसकट मारला गेला, हा कथेचा गाभा बाजूला सारता येत नाही. फिरिश्त्याला फारुक्यांची बदनामी करण्यात काही स्वारस्य नव्हते. नासिरखानाने विद्वानांना बोलावून आश्रय दिला हेही तोच लिहितो. असे असताना ही कृती त्याने उजळ करून सांगितलेली नाही, तेव्हा ती जशी आहे तशीच आपण घ्यावी. तिला ‘युद्धनीती’ हे गोंडस नाव देणाऱ्या पुरवणीच्या लेखकाशी मी सहमत नाही. त्याचबरोबर वाचकपत्राच्या लेखकाने या प्रसंगाला दोन धर्मांमधील युद्धाचे जे रूप दिले आहे, तेही या माणसाच्या उरलेल्या आयुष्याशी जुळत नाही. पुढची सदतीस वर्षे नासिरखान ज्यांच्याशी लढला त्यांची यादी केली, तर तीत त्याचा सख्खा भाऊ, गुजरातचा सुलतान आणि स्वतःचा जावई ही नावे येतात.

असीरगडानंतरची जी गोष्ट सर्वांना पाठ आहे ती बऱ्हाणपूरच्या स्थापनेची, आणि आपल्या लेखात ती अगदी निःशंकपणे दिली आहे. दौलताबादचे सूफी संत शेख जैनुद्दीन हे नासिरखानाचे अभिनंदन करायला तापीच्या काठी आले. त्यांनी गडावर यायचे नाकारले, इनाम गावेही नाकारली आणि सांगितले, की तुझी छावणी आहे तिथे माझे गुरू बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाने एक शहर वसव आणि मी उतरलो आहे त्या तीरावर माझ्या नावाने दुसरे वसव. त्याप्रमाणे उत्तर तीरावर बऱ्हाणपूर आणि समोर झैनाबाद वसले. कथा सुरेख आहे. फक्त तिच्यात एक अडचण आहे. खुलताबादला ज्यांचा दर्गा आहे ते शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ मध्ये वारले आणि त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराजी १३६९ मध्ये. असीरगड पडला तेव्हा जैनुद्दीनांना जाऊन तीस वर्षे झाली होती. जे पैगंबरवासी झाले ते तापीकाठी येऊन नगररचनेचा सल्ला देणार कसे? फारुकी घराणे खुलताबादच्या या परंपरेचे भक्त होते आणि नव्या शहरांना त्यांनी त्या दोन सत्पुरुषांची नावे दिली, एवढे यातले भक्कम आहे. भेटीचा प्रसंग मागाहून जोडला गेला असावा, आणि तो का जोडला गेला असेल याचा अंदाज करणे कठीण नाही. मित्राचा घात करून मिळवलेल्या गडाला एखाद्या फकिराचा आशीर्वाद लाभला, तर लोकांच्या मनातला सल बोथट होतो. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. सनावळीची विसंगती मात्र तर्क नाही.

शहराची जागा निवडण्यात नासिरखानाने जी दृष्टी दाखवली, तिचे श्रेय मात्र त्याला मोकळ्या मनाने द्यायला हवे. बऱ्हाणपूर हे असीरगडाच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर, तापीच्या उताराजवळ, आग्रा आणि सुरत या दोन्ही बाजूंच्या वाटांवर वसले. त्याच्या आयुष्यात ते काही भरभराटीला आले नाही. जरीकाम आणि तलम कापडाची जी पेठ पुढे देशोदेशी गाजली, ती पन्नास-साठ वर्षांनंतरची, दुसऱ्या आदिलखानाच्या काळातली. मुघलांनी पुढे दख्खनच्या मोहिमांसाठी ठाणे निवडले तेही हेच, आणि १६३१ मध्ये मुमताजमहल इथेच वारली, तेव्हा तिचे पहिले दफन झैनाबादच्या बागेत झाले. आज बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे म्हणून आपण त्याला खानदेशाच्या इतिहासात परका पाहुणा समजतो. फारुक्यांना असली हद्द ठाऊक नव्हती.

आता ‘दिग्विजया’कडे येतो. असीरगड घेऊन झाल्यावर नासिरखानाने १४१७ मध्ये माळव्याच्या होशंगशाहाची मदत घेऊन धाकट्या भावाचे थाळनेर काढून घेतले. होशंगशाह त्याचा मेहुणा होता. भावाने गुजरातच्या अहमदशाहाकडे दाद मागितली होती, पण तिथली मदत पोहोचण्याआधीच काम उरकले गेले. इथपर्यंत सारे ठीक चालले होते. मग बापाला चुकवावी लागलेली किंमत विसरून त्याने माळव्याच्या फौजेसह सुलतानपूरवर चाल केली. अहमदशाह येत आहे असे कळताच माळव्याचे लोक आपल्या वाटेने निघून गेले आणि नासिरखान थाळनेरात कोंडला गेला, तोच किल्ला, तोच गुजरातचा वेढा, फक्त बापाच्या जागी मुलगा. त्याने नजराणे पाठवले आणि अहमदशाहाचे वर्चस्व पत्करले. त्याच्या बदल्यात त्याला ‘खान’ हा किताब आणि राजचिन्हे मिळाली. शरण गेल्यावर मिळालेला किताब हा विजयाचा पुरावा म्हणून कसा धरता येईल, हे लेखकानेच सांगावे. नंदुरबार आणि सुलतानपूर त्याच्या हयातीत फारुक्यांकडे कधीच टिकून राहिले नाहीत. ते परगणे त्यांना लाभले ते शंभराहून अधिक वर्षांनी, दुसऱ्या मुबारकशाहाच्या काळात, गुजरातची सत्ता खिळखिळी झाल्यावर. तेव्हा नकाशाचा पश्चिमेकडचा भाग आधी पुसावा लागेल.

पूर्वेकडच्या भागाची हकीकत अधिक करुण आहे, आणि माझ्या मते नासिरखानाच्या आयुष्यातला माणूस म्हणून सर्वांत समजण्यासारखा भाग हाच आहे. गुजरातचे ओझे मानेवर असताना त्याला दक्षिणेकडून टेकू हवा होता. १४२९ च्या सुमारास झालावाडचा राजा कान्हा गुजरातच्या अहमदशाहाच्या भीतीने त्याच्याकडे पळून आला. नासिरखानाने त्याला स्वतःच्या पदरी ठेवण्याचे धाडस केले नाही; शिफारस देऊन बिदरला बहामनी सुलतानाकडे पाठवले. बहामनी फौजेने नंदुरबारकडे लूटमार केली, गुजरातच्या शहजाद्याने ती उधळून लावली, आणि पुढची मोठी लढाई नांदगावजवळ माणिकपुंजच्या घाटात झाली, तीतही गुजरातचीच सरशी झाली. याच दिवसांत नासिरखानाने आपली मुलगी बहामनी शहजादा अलाउद्दीन याला दिली. बापाने माळव्याशी जे केले तेच त्याने बिदरशी केले.

सोयरीक मात्र फळली नाही. १४३६ मध्ये अलाउद्दीन गादीवर आला, त्याच्या फौजेने कोकणात मोहीम केली आणि संगमेश्वरच्या राजाची मुलगी बिदरच्या जनानखान्यात आली. सुलतान तिच्या रूपावर लुब्ध झाला आणि फारुकी राजकन्या, जी नावाने पट्टराणी होती, ती कोपऱ्यात पडली. तिने बापाला पत्र धाडले. नासिरखान तेव्हा वृद्ध झाला होता आणि आजवर तो बलाढ्य शेजाऱ्याचा कल पाहून वागत आला होता. पण या वेळी त्याने गुजरातच्या अहमदशाहाची संमती मिळवली आणि वऱ्हाडावर चाल केली. मुलीच्या कैवारासाठी तो निघाला, की वऱ्हाड मिळण्याची लालूच त्याला पडली? बहुधा दोन्ही. आरंभ तर उत्तम झाला. फारुकी हे खलिफा उमर यांचे वंशज म्हणवत. तेव्हा अशा धन्यासाठी मेलो तर हुतात्मा ठरू, अशी भाषा करून वऱ्हाडचे अनेक सरदार त्याला येऊन मिळाले आणि बहामन्यांचा वऱ्हाडचा सुभेदार नरनाळ्याच्या किल्ल्यात जाऊन बसला. ‘नंदुरबारपासून वऱ्हाडापर्यंत’ या शब्दांना जो काही आधार आहे तो एवढाच, काही महिन्यांच्या या स्वारीचा.

बिदरहून खलफ हसन बसरी, ज्याला मलिक-उत-तुज्जार हा किताब होता, या सरदाराची नेमणूक झाली. दख्खनी सरदारांच्या निष्ठेबद्दल त्याला खात्री नव्हती म्हणून त्याने फक्त परदेशी, म्हणजे अरबी-इराणी-मुघल शिपाई बरोबर घेतले, आणि गुजरात किंवा माळव्याची कुमक नासिरखानाला मिळण्याआधीच गाठायचे ठरवले. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडच्या घाटात गाठ पडली आणि नासिरखानाचा मोड झाला. तो बऱ्हाणपूरला आला. तिथेही उभे राहणे शक्य झाले नाही. पाठलागावर आलेल्या फौजेने ज्या शहराची त्याने मोठ्या हौसेने स्थापना केली होती ते लुटले आणि जाळले. शेवटी तो लळिंगला पोहोचला, म्हणजे अडतीस वर्षांपूर्वी जिथून निघाला होता तिथेच. खलफ हसनाने मोजके स्वार घेऊन दौड मारली आणि लळिंगच्या पायथ्याशी त्याचा पुन्हा पराभव केला. फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे ७० हत्ती बिदरला गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबर १४३७ मध्ये, नासिरखान वारला. दुःखाने वारला असे बखरकार म्हणतात, आणि वयाचा विचार केला तर ते अगदीच अशक्य नाही. त्याचा मुलगा आदिलखान याने बापाचा देह थाळनेरला आणून मलिक राजाच्या कबरीशेजारी पुरला. हा आदिलखानही चार वर्षांत बऱ्हाणपुरात मारेकऱ्यांच्या हाती पडला. त्याच्या कारकिर्दीबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही.

मग एवढ्या पराभवांनंतर हे राज्य १६०१ पर्यंत टिकले कसे? मला दिसणारे कारण असे, की गुजरात, माळवा आणि बहामनी या तिन्ही सत्तांना खानदेश स्वतःला हवा होता आणि तो दुसऱ्याला मिळालेला चालणार नव्हता. तिघांपैकी कोणी एकाने तो गिळला असता, तर उरलेल्या दोघांच्या दारात शत्रू येऊन बसला असता. म्हणून जो जिंकायचा तो खंडणी, किताब आणि हत्ती घेऊन परत जायचा, मुलूख तसाच सोडायचा. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांमधल्या या चिंचोळ्या पट्ट्यात फारुक्यांना कोणी मुळापासून उपटले नाही ते यामुळे. आणि कोणी उपटायला आलेच, तर असीरगड होता. खलफ हसनाने बऱ्हाणपूर जाळले, लळिंग गाठले, पण असीरला हात लावला नाही, ही बाब मला फार बोलकी वाटते. पुढे खुद्द अकबराला १६०० ते १६०१ मध्ये तो गड हल्ला करून घेता आला नाही. शेवटचा फारुकी सुलतान बहादूरशाह बोलणी करायला खाली आला तो परत जाऊ शकला नाही, आणि १७ जानेवारी १६०१ रोजी गड मुघलांच्या ताब्यात आला. गडावरच्या रोगराईमुळे आला की किल्लेदारांना पैसे चारून आला, यावर अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फज्ल आणि जेसुइट पाद्री यांची एकवाक्यता नाही. डोल्यांच्या कथेसारखाच इथेही विजयाचा मार्ग वादात आहे, आणि या वेळी फसलेला मालक फारुकी होता.

‘दिग्विजयी’ हे विशेषण या घराण्यात कोणाला लावायचेच असेल, तर ते नासिरखानाचा पणतू असलेल्या दुसऱ्या आदिलखानाला लावावे. १४५७ ते १५०१ या काळात त्याने गोंडवनातील राजांकडून खंडणी घेतली, असीरगडाचा खालचा कोट बांधला, बऱ्हाणपूरला तापीकाठी बालेकिल्ला उभारला आणि स्वतःला ‘शाह-ए-झारखंड’, म्हणजे रानमुलखाचा राजा, म्हणवून घेतले. त्याने गुजरातची खंडणीही थांबवली. तेव्हा गुजरातचा सुलतान महमूद बेगडा फौज घेऊन आला आणि थकलेली सगळी रक्कम वसूल करून गेला. ज्याचे दिवस सर्वांत चांगले होते त्याचीही ही गत.

फारुक्यांनी स्वतःला कसे पाहिले हे जाणून घ्यायचे असेल, तर बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतील शिलालेख वाचावा. राजा अलीखान या पुढच्या फारुकी सुलतानाने ती मशीद बांधली, तेव्हा अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही देवनागरीत कोरवला. तो सृष्टिकर्त्याला नमन करून सुरू होतो, संवत १६४६ आणि शके १५११ अशी तिथी देतो आणि मलिक राजापासून घराण्याची वंशावळ सांगतो. मशिदीत संस्कृत लेख म्हणून त्याचे नेहमी कौतुक होते, ते योग्यच आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्याचा अधिक उपयोग वंशावळीसाठी आहे, कारण फिरिश्त्याच्या यादीशी ती ताडून पाहता येते. हाच राजा अलीखान १५९७ मध्ये गोदावरीच्या काठी मुघलांच्या बाजूने दख्खनी फौजेशी लढताना पडला. त्याआधी काही वर्षे रोहिणखेडच्याच रानात निजामशाहीच्या गादीच्या भांडणात तो बुऱ्हाण निजामशाहाच्या बाजूने लढला आणि विजयी झाला होता. नासिरखानाचा जिथे मोड झाला तिथे त्याच्या घराण्याला यश यायला दीडशे वर्षे लागली, आणि तेही दुसऱ्याची गादी मिळवून देण्यासाठी.

शेवटी एक दुरुस्ती, जी आपण पुढच्या अंकात जरूर छापावी. लेखासोबत ‘नासिरखान फारुकीची कबर, बऱ्हाणपूर’ अशा ओळीखाली जे छायाचित्र आले आहे, ते उतावळी नदीच्या काठच्या शाहनवाजखानाच्या मकबऱ्याचे आहे. शाहनवाजखान हा मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानानचा मुलगा. तो १६१९ मध्ये वारला आणि त्या काळ्या दगडाच्या इमारतीला लोक ‘काला ताजमहाल’ म्हणतात. फारुक्यांशी तिचा काही संबंध नाही. नासिरखान, त्याचा बाप, मुलगा आणि नातू हे चौघेही शिरपूर तालुक्यात थाळनेर येथे पुरलेले आहेत. त्या घुमटांपैकी काहींवर लेख आहेत, एक अष्टकोनी आणि बाहेरून कोरीव कामाने भरलेला आहे, आणि सगळा समूह केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. छायाचित्रकाराला धुळ्याहून तिथे जाऊन संध्याकाळच्या आत परत येता येईल.

आपला,
एक वाचक
शिरपूर, जि. धुळे